रेणूच्या दोन कॅसेटी

बोलणं हे खरं तर माझं काम नव्हे. मी कॅमेरा. तळहातात मावणारा, छोट्या कॅसेटवर चित्रण करणारा, बाजूला दार उघडावं तसा उघडणारा चिमुकला पडदा असलेला. बघायचं आणि ऐकायचं, तेही कोणी लाल बटण दाबलं तर, एवढंच माझं काम. बटण दाबलेलं नसतानाही मी थोडंफार बघायचो-ऐकायचो, ती माझी सवय समजा. पण आता माझ्या बॅटरीनं मान टाकलीय, चार्जर कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये इतर अनाथ वायरींच्या गुंत्यात पडलाय, आणि मी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या एका घराच्या कपाटात, देणगीच्या खोक्यात, जुन्या स्नो-बुटांशेजारी बसलोय. म्हटलं, जाण्यापूर्वी सांगून टाकावं. नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. आजवर मी दुसऱ्यांचंच बोलणं साठवत आलो.

माझा जन्म जपानमधला, असं माझ्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर छापलंय. मला स्वतःला आठवतं ते थेट दुकानातलं काचेचं कपाट आणि २००४ सालची थँक्सगिव्हिंगनंतरची झुंबड. विनय नावाचा एक तरुण पहाटेपासून कानटोपी घालून रांगेत उभा होता. मूळचा नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. नागपुरात आईबाबांना नात दिसायला हवी म्हणून त्यानं मला घेतलं. नात म्हणजे इला, तेव्हा सहा महिन्यांची.

घरी येताच त्यानं मला बायकोच्या हातात दिलं. "रेणू, तूच घे शूटिंग. मी घेतलं की नुसतं छत येतं."

रेणूचा हात खरोखर स्थिर होता. इतका स्थिर हात मी दुकानातल्या स्टँडचाच पाहिला होता. तिनं इलाचं बोरन्हाण घेतलं, पहिली पेज घेतली, बर्फात ठेवल्यावर केलेलं तोंड घेतलं. कॅसेट नागपूरला जायची आणि मग रविवारी सासूबाईंचा फोन यायचा.

"अगं, सगळं छान दिसलं हो. पण तू कुठेच दिसत नाहीस?"

"मी कॅमेऱ्याच्या मागे असते ना, आई."

"मग एकदा पुढे ये की!"

"येते ना," रेणू म्हणायची.

मला एक गोष्ट लवकर कळली होती, पण तिचा अर्थ कळत नव्हता. लाल बटण दाबलं की रेणूचा आवाज गोड व्हायचा. "इला, हस बघू! आजीला टाटा कर!" बटण बंद झालं की आवाजही बंद. मग ती मला हातात धरून तशीच बसायची, आणि इला तिच्याकडे बघत बसायची. रेणूचं काही चुकत नसे. दूध वेळेवर, लशी वेळेवर, सहाव्या महिन्याचे कपडे सातव्या महिन्यात कपाटातून गेलेले. फक्त तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. मला वाटलं, माझ्याच काचेवर काही बसलंय.

आता रेणू काय करायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. ती समुपदेशन करणारी मानसशास्त्रज्ञ. एका कॉलेजच्या केंद्रात विद्यार्थी तिच्याकडे मन मोकळं करायला यायचे. पीएचडी झालेली, राज्याचं लायसन्स झालेलं. त्या हिवाळ्यात तिनं त्याच्याही वरची एक परीक्षा द्यायचं ठरवलं: राष्ट्रीय मंडळाचं प्रमाणपत्र. त्यासाठी पोर्टफोलिओ करायचा. आधी आपल्या कामाबद्दल आणि स्वतःबद्दल सविस्तर निवेदन लिहायचं, मग प्रत्यक्ष समुपदेशनाचं चित्रण जोडायचं, आणि ते तज्ज्ञांना पसंत पडलं की समोरासमोर तोंडी परीक्षा.

"पण हे कम्पल्सरी आहे का?" विनयनं विचारलं.

"नाही."

"पगार वाढतो?"

"नाही रे."

"मग यार, एवढ्याशा पोरीला घेऊन आत्ताच कशाला?"

"करिअरला बरं असतं," रेणू म्हणाली. मी टेबलावरच होतो. ते उत्तर तिलाही पटल्यासारखं दिसलं नाही.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. निवेदनात एक प्रश्न होता: आपल्याला स्वतःलाच मदतीची गरज आहे, हे तुम्ही कसं ओळखता? रेणूनं लिहिलं आणि विनयला वाचून दाखवलं. थकवा आणि भावनिक बधिरपणा यांची चिन्हं मी स्वतःत वेळीच ओळखते, अशा अर्थाचं काहीतरी, पण फार सुंदर इंग्रजीत.

"एकदम परफेक्ट!" विनय म्हणाला.

"हो ना? मलाही वाचताना वाटलं, किती समजूतदार बाई आहे ही," रेणू म्हणाली. विनय हसला. ती हसली नाही.

चित्रणासाठी केंद्रातला कॅमेरा बिघडलेला निघाला, म्हणून माझी नेमणूक झाली. समोर एक विद्यार्थिनी. तिचं नाव मी सांगणार नाही, तेवढं मी रेणूकडून शिकलोय. तिनं लेखी परवानगी दिली होती: हे फक्त परीक्षक बघतील, आणि मार्था. मार्था म्हणजे रेणूच्या जुन्या प्राध्यापिका. त्या पोर्टफोलिओ तपासून देणार होत्या.

त्या दिवशी रेणू पहिल्यांदा माझ्या समोर बसली, आणि मी चाटच पडलो. बाई जिवंत होती! पुढे झुकून ऐकत होती. मुलगी गप्प झाली तेव्हा तीही गप्प राहिली, पण तिचे डोळे त्या गप्प बसण्यात सोबत करत होते. मुलगी रडली तेव्हा रेणूचे डोळे भरून आले. म्हणजे माझी काच ठीकच होती.

घरी परतताना तिनं मला पुढच्या सीटवर ठेवलं. केंद्रापासून घरापर्यंतच्या रस्त्यात तो चेहरा कुठे गळून पडला, ते मला दिसलं नाही.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. आपल्या लोकांत कोणी भारतात निघालं की त्याची बॅग त्याची राहत नाही. त्या मार्चमध्ये शेजारच्या कॉलनीतले गुरुनाथ काका नागपूरला निघाले होते. त्यांच्याबरोबर पाठवायला विनयनं व्हिटॅमिनच्या बाटल्या, बदाम, बाबांसाठी लोकरी मोजे काढून ठेवले, आणि इलाची नवी कॅसेट. त्याच दुपारी रेणूला मार्थाकडे चित्रणाची कॅसेट पोस्टानं पाठवायची होती. दोन्ही कॅसेटी टेबलावर. एकीवर गुप्तता म्हणून नाव नव्हतं, दुसरीवर आळस म्हणून. इला उंच खुर्चीत बसून किंचाळत होती. रेणूनं एक कॅसेट मोज्यात कोंबली, एक लिफाफ्यात घातली.

मी तिथेच होतो. मला तोंड असतं तर मी बोललो असतो, असं म्हणायला हरकत नाही.

शनिवारी सकाळी मार्थाचा फोन आला. रेणू इलाला भरवत होती, म्हणून स्पीकर लावला होता. मार्था इंग्रजीत बोलल्या; मी आपल्या भाषेत सांगतो.

"रेणू, तुझी कॅसेट मिळाली. पण त्यात एक बाळ आहे."

रेणूचा चमचा हवेतच थांबला. "अरे देवा. सॉरी. सॉरी, मार्था. ती चुकून... मी लगेच..."

"थांब. सुरुवातीला मला वाटलं, पुढे तुझं सेशन असेल, म्हणून बघत राहिले. बाळ सोफ्याला धरून उभं राहतं, पडतं, कपाळ आपटतं. मग रडतं. बराच वेळ रडतं. कॅमेरा हलत नाही, रेणू. तो कधी खाली ठेवला जाईल, याची मी वाट बघत होते. कोणी धरला होता तो?"

रेणू इलाकडे बघत होती. इलाच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती.

"मार्था, मी तुम्हाला नंतर फोन करते," ती म्हणाली. "दुसरी कॅसेट कुठे आहे, ते मला आत्ता कळलं."

दुसरी कॅसेट गुरुनाथ काकांच्या बॅगेतून नागपूरला निघायच्या बेतात होती. तिथे विनयचा भाऊ पुरुषोत्तम ती लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या दुकानात देणार, तो तिची सीडी करून देणार, आणि मग संध्याकाळी शेजारपाजार गोळा करून, चिवड्याच्या बशा घेऊन सगळे बघणार. विश्वासानं रडलेल्या त्या मुलीला.

इलाला विनयकडे सोडून, कोणती कॅसेट कोणती ते तपासायला मला बरोबर घेऊन रेणू निघाली.

गुरुनाथ काकांच्या दिवाणखान्यात बॅग बाथरूमच्या वजनकाट्यावर उभी होती. काका तिला मिठी मारून काटा वाचायचा प्रयत्न करत होते, आणि रत्ना काकू दोरी बांधत होत्या.

"काकू, ती बॅग उघडायला लागेल."

"काय म्हणतेस? अगं, आत्ता बसवलीय! मी वर बसले तेव्हा कुठे चेन लागली."

"कॅसेट बदलली गेलीय, काकू."

"असू दे की. आजी-आजोबांना नातीची कोणतीही कॅसेट गोडच लागते."

"नाही, ती... ती ऑफिसची आहे."

"ऑफिसची मोज्यात?" काका म्हणाले. "सीआयएमध्ये आहेस की काय तू?"

पण रेणूच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी दोरी सोडली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, कोणाचे तरी लॅपटॉप, कोणाच्या तरी नातवाचे बूट, असं सगळं बाहेर आलं आणि तळातून मोजे निघाले. रेणू मला आणि कॅसेटला घेऊन बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि आवाज बंद करून बघितलं. माझ्या चिमुकल्या पडद्यावर ती स्वतः होती. पुढे झुकलेली. डोळे भरलेले.

बाहेरून काकूंनी विचारलं, "मिळाली का गं?"

"मिळाली," ती म्हणाली, पण बाहेर यायला तिला वेळ लागला.

गाडीत बसून तिनं गाडी सुरू केली नाही. आता खरं तर सगळं निभावलं होतं. कॅसेट कोणी बघितली नव्हती. पोर्टफोलिओची मुदत महिनाअखेरची होती. नव्या लिफाफ्यात घालून पाठवली असती तर मार्थांनीही पुन्हा विषय काढला नसता. या देशात एकदा विचारून थांबतात. मला वाटलं, ती तसंच करेल. मीही तसंच केलं असतं.

तिनं फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू आलं.

"मार्था, कॅसेट मिळाली. ...नाही, मी पाठवत नाहीये. ...नाही, मुदतीचा प्रश्न नाही. तिनं ज्या विश्वासानं परवानगी दिली होती, तो मी मोज्यात घालून बॅगेत टाकला. तिला मी सांगणार आहे. आणि तुम्ही विचारलंत ना, कॅमेरा कोणी धरला होता? मीच. ती पडली तेव्हा मला दिसलं. फ्रेम चांगली आली होती. मला काही झालं नाही, मार्था. त्याचीच मला भीती वाटतेय. म्हणजे, भीतीही वाटायला हवी, असं वाटतंय."

मग बराच वेळ ती फक्त "हो" म्हणत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात त्या विद्यार्थिनीला सगळं सांगितलं गेलं. तिनं कॅसेट पुसून टाकायला सांगितली, तो तिचा हक्क होता. त्या वर्षीचा पोर्टफोलिओ तिथेच संपला. रविवारी दुपारी, इला झोपली असताना, रेणूनं ती कॅसेट माझ्यात घातली, काचेवर झाकण लावलं आणि लाल बटण दाबलं. जुन्या चित्रणावर काळोख चढवायचा होता. आवाज मात्र मी टिपत होतो, हे तिच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे.

विनय येऊन बसला. "एवढ्या मेहनतीचं असं करतेस?"

"विनय, मला काही वाटत नाही."

"चांगलंय. पुढच्या वर्षी कर."

"तसं नाही रे. मला काहीच वाटत नाही. इला झाल्यापासून."

"पण तू तर सगळं करतेस तिचं. माझ्याहून जास्त."

"करते. करून टाकते."

त्यानं विचारलं, "आणि माझ्याबद्दल?"

"तुझी तर चीडसुद्धा येत नाही. बघ, किती सीरियस आहे."

तो हसला आणि मध्येच थांबला. "मग आता काय करायचं? मला यातलं काही कळत नाही गं. तू सांग."

"एक डॉक्टर आहेत, मार्थांनी नंबर दिलाय. उद्या फोन करायचाय. माझ्यानं होणार नाही. मी दिवसभर लोकांना सांगते की फोन करा, आणि माझ्यानं होत नाही."

"मी लावतो. तू फक्त शेजारी बस."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे मला फारसं कोणी हातात घेतलं नाही. औषधं झाली, दर मंगळवारी रेणू दुसऱ्या कोणाच्यातरी समोरच्या खुर्चीत बसायला जाऊ लागली. तिचा चेहरा एका दिवसात परतला नाही. कधी यायचा, कधी नाही. पोर्टफोलिओ तिनं पुढे नव्यानं केला, केंद्राच्या कॅमेऱ्यावर. प्रमाणपत्र मिळालं की नाही, मी विचारलं नाही. कपाटात तशा बातम्या येत नाहीत. आता २००८ आहे, छोट्या कॅसेटी दुकानात शोधाव्या लागतात, आणि विनयचा नवा कॅमेरा पत्त्यांच्या कॅटएवढा आहे.

पुढच्या शनिवारी खोकं जाईल. जो कोणी मला उचलेल, त्याला माझी एवढीच विनंती. ती काळोख चढवलेली कॅसेट अजून माझ्या पोटात आहे, तिला लगेच काढून फेकू नका. दिसणार काही नाही, मला माहीत आहे. पण ऐकलंत तर शेवटी, विनयच्या 'तू फक्त शेजारी बस' या वाक्यानंतर, आतल्या खोलीत इला उठून रडायला लागते. खुर्ची सरकते. आणि मग रडणं थांबतं. तिला कोणी उचललं, ते मला सांगता येणार नाही. माझ्यावर झाकण होतं.