बांड्याचा डावा डोळा

"गलोल काढ बाहेर, दामू. मला बघायचीय."

दामू आपल्या ओट्यावर दावं वळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "कशापायी?"

"माज्या बांड्याचा डोळा फोडलास तू," कोंडू म्हणाला. "तुज्या कोंबड्यांमागं लागला म्हनून."

"गलोल माकडांसाठी हाय, कुत्र्यांसाठी नाय. न् ज्याला माज्या हातची तंबाखू चालत नाय, त्यानं माज्या दारात पाय ठेवू नये."

"कंची तंबाखू?"

दामूने तोंड फिरवलं. कोंडू तणतणत वळला आणि ओट्याच्या डाव्या कडेला ठेवलेल्या टोपलीला अडखळून पडता पडता वाचला.

"बघ! मुद्दाम ठेवतोस. मी काय आंधळा हाय काय?"

कोंडूचा सारा जन्म मुरबाडच्या एका कारखान्याच्या गेटवर पहारा देण्यात गेला. जाणाऱ्या-येणाऱ्याची पिशवी चाचपायची, डबा उघडायला लावायचा. नोकरी संपली, टोकावड्याजवळच्या आपल्या गावात येऊन तो भातशेती बघू लागला, तरी गेट काही डोक्यातून गेलं नाही. देवळात प्रसाद दिला तरी आधी वास घेणार. त्याची बायको हौसा म्हणायची, "यांचा स्वतःच्या सावलीवर इस्वास नाय."

विश्वास होता तो एकट्या दामूवर. दोघं बरोबर गुरं राखून मोठे झालेले, एकाच्या लावणीला दुसरा न बोलावता हजर. पण यंदाच्या शिमग्यापासून दामूने बोलणंच टाकलं. मग कोंडूला एकेक दिसायला लागलं. बांधावरून पाय घसरला, म्हणजे दामूने बांध कोरला. गुरांच्या वाडग्याच्या खांबाला खांदा आपटला, म्हणजे रातोरात खांब सरकवला. आणि आता बांड्या.

बांड्याचा डावा डोळा लालभडक झाला होता. त्यावर निळसर साय धरली होती, आणि तो दुसऱ्यापेक्षा मोठा दिसू लागला होता. कोंडूने डोळ्यात शेळीच्या दुधाची धार सोडून बघितली. काही उपयोग झाला नाही. कुत्रं खाईना, भिंतीला डोकं दाबून कण्हत बसे. शेवटी हौसानेच हट्ट धरला आणि टमटममधून त्याला मुरबाडला डॉक्टर नम्रताबाईंकडे आणलं.

डॉक्टरांनी डोळा बधिर करणारा थेंब टाकला आणि पेनासारखं एक यंत्र बुबुळाला अलगद टेकवलं. आधी डाव्या, मग उजव्या.

"गलोलीचा खडा लागलाय ना? तेवढं सांगा, मंजी मी गावात पंच बसवतो," कोंडू म्हणाला.

"खडा नाही, बाबा. डोळ्यात पाणी तयार होतं आणि बाहेर निघून जातं. निघायची वाट तुंबली की आतला दाब वाढतो. याला काचबिंदू म्हणतात."

"तुमाला काय म्हाईत? तुमी होता का तिथं?"

डॉक्टर हसल्या. "मार बसल्याची काहीच खूण नाही. आणि उजव्या डोळ्यातही दाब वाढायला लागलाय. खडा दोन्ही डोळ्यांना कसा लागेल?"

कोंडूने वाकून बांड्याच्या उजव्या डोळ्यात बघितलं.

"डाव्याची नजर गेलीय, दुखणं मात्र राहिलंय. तो काढावा लागेल. उजवा वाचवायची खटपट करू. रोज औषधाचे थेंब, एक दिवसही चुकवायचे नाहीत."

"काढून तुमी काय करनार त्याचं?" कोंडूने विचारलं. त्याला खरोखरच शंका आली होती.

"अहो, गप बसा," हौसा म्हणाली.

"हा डावीकडे आपटायचा का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"आपटतो ना. पन आपटायला काय, हेबी आपटतात. दोघं एकाच बाजूला."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. उठून त्या कोंडूसमोर उभ्या राहिल्या. "बाबा, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवू नका. माझा हात दिसतो?"

"कंचा हात?"

हौसाने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांचा हात कोंडूच्या डाव्या कानाशेजारी हलत होता.

"मी जनावरांची डॉक्टर. पण तुम्ही लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. माणसाचा काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही. कडेकडेने नजर खात जातो, कळतसुद्धा नाही."

"हिचा न् त्या डोळेवाल्याचा धंदा असंल," बाहेर येऊन कोंडू पुटपुटला. टमटममध्ये बसल्यावर बघतो तर हौसा नाही. "अगो, हौसा कुठं ऱ्हायली?" तो ओरडला.

"हितंच हाय मी," त्याच्या डाव्या खांद्याला खांदा लावून बसलेली हौसा म्हणाली. कोंडूने मान पुरती डावीकडे वळवली, तेव्हा कुठे ती दिसली.

डोळ्यांच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली राखायची. बांड्याचा डोळा काढून पापण्या शिवल्या. घरातल्या फळीवर औषधाच्या दोन बाटल्या आल्या. अदलाबदल नको म्हणून हौसाने कुत्र्याच्या बाटलीला लाल दोरा बांधला.

मग एके दिवशी विहिरीवर तिने दामूच्या बायकोला, बाईजाला गाठलं आणि घरी येऊन कोंडूपुढे बसली.

"शिमग्याला होळीपुढं दामूभावजींनी तंबाखू मळली, तुमच्यापुढं हात केला. समदं गाव बघत हुतं. तुमी तसंच निघून गेलात."

मळलेल्या तंबाखूचा हात नाकारणं म्हणजे त्यांच्या गावात तोंडावर थुंकण्यासारखं. शिवी परवडली.

"कंच्या बाजूनं केला हात?"

"बाईजा म्हनली, डावीकडनं."

आंधळं होण्याची भीती त्याला होतीच. पण त्याहून जास्त त्याला लाज वाटली. उन्हं कलल्यावर बांड्याला घेऊन तो दामूच्या ओट्यावर जाऊन बसला. दामू डावीकडे बसला होता.

"दामू, तुजा हात मला दिसलाच नाय रे. ह्या बाजूचं दिसत नाय मला. याचं न् माजं एकच दुखनं."

"सोंगं करू नको," दामू म्हणाला. "लहानपनापासून दिसला हात, न् होळीलाच नाय दिसला?"

संशयाचा गुण कोंडूकडून त्यालाही लागला होता. त्याने चंची काढली, तंबाखू न् चुना मळला, चिमटीने त्यातल्या काड्या वेचून काढल्या आणि आवाज न करता तळहात कोंडूच्या डाव्या खांद्यापाशी धरला.

कोंडू समोर बघत बसला होता. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतावर बगळे उतरले होते.

हात तसाच होता.

"काय तरी बोल रे," कोंडू म्हणाला. "शिव्या दे."

बांड्याने वास घेत मान उचलली. दामूने मूठ मिटली आणि तो उठला. डाव्या कडेची टोपली उचलून त्याने घरात नेऊन ठेवली. मग कोंडूच्या पुढून फिरून त्याच्या उजव्या हाताला येऊन बसला आणि मूठ उघडली.

"घे," तो म्हणाला.