सहा बोल्ट, एक फेरा

न्यूट्रल

खड. खड. खडखड. खड.

ट्रक ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओलीच्या तोंडाशी उभा आहे. उभाच आहे, तरी आवाज टोपी बाजारापर्यंत पोचतो.

बुधवार, चोवीस ऑक्टोबर, एकोणीसशे छप्पन. आठ दिवसांनी मध्य भारत नावाचं राज्य संपणार, राजधानी भोपाळला जाणार. राजधानी जाणार म्हणजे कागद जाणार. ग्वाल्हेरची दप्तरं ट्रकांत भरून न्यायची आहेत आणि ट्रकांची परीक्षा शुक्रवारी सकाळी आहे: भरलेली गाडी उरवाईच्या चढाने किल्ल्यावर न्यायची. मध्ये थांबली तर नापास. चढली तर दप्तरं मिळणार, आणि पुढे वर्षभर ग्वाल्हेर-भोपाळ फेऱ्या.

ट्रकचे मालक मानसिंगराव घोरपडे. जमादार, मोटार ट्रान्सपोर्ट, रियासतीची फौज. यातली रियासत गेली, फौज गेली, जमादार तेवढा राहिला. फौज भारतीय सैन्यात मिळाली तेव्हा जवान पोरं आत गेली. मानसिंगरावांचं वय पाहून त्यांना घरी पाठवलं. युनिटच्या गाड्या लिलावात निघाल्या, तर लढाईत स्वतः हाकलेला ट्रक त्यांनी इंजिनावरच्या नंबरावरून ओळखला आणि घरी आणला. नंबर त्यांना आजही पाठ आहे. लग्नाची तारीख नाही.

बॉनेटमध्ये कान्होजी मिस्त्री वाकलेले. तेही त्याच युनिटचे. लांब पेचकसाचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला.

"जमादारसाहेब, इंजिन गेलं."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे खांदेकरी बोलवा. क्रँक बसली."

"ते पहिल्यापासूनच बोलकं आहे."

"बोलकं होतं. आता बोंबलतंय. टोपी बाजारात लालाजीकडे इंजिन आलंय, फौजेच्या डिस्पोजलचं, अजून पेटीत आहे. उद्या बारापर्यंत आणा. दिवेलागणीला बसवून देतो."

"आणि हेच दुरुस्त केलं तर?"

कान्होजींनी पेचकस कानातून काढला. "हे इंजिन उरवाई चढलं तर मी भोपाळला पायी जाईन."

ओट्यावर उषाताई, मानसिंगरावांची बायको, मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "चपला आत्ताच घेऊन ठेवा, भावजी. नव्या चावतात."

(एक कागद)

त्याच संध्याकाळी मधुसूदन चांदोरकर एक कागद घेऊन आले. दप्तरातले हेडक्लार्क, शेजारी, आणि स्वतःच्या कागदांमागोमाग भोपाळला निघालेले. मानसिंगरावांच्या ट्रकासाठी साहेबाकडे शब्द त्यांनीच टाकला होता. आता ते घाबरले होते. आवाज त्यांच्याही घरी येत होता.

कागद जाड, दरबारी. वर रियासतीचं नाव छापलेलं, त्यावर काट. त्याखाली मध्य भारताचा शिक्का. आठ दिवसांनी त्यावरही काट.

*महोदय,*

*अर्जदार मोटार चालवण्याच्या कामी अनुभवी असून भोपाळ येथे साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून*

"इथे सही," मधुसूदन म्हणाले. "गाडी नापास झाली तरच देईन, मानसिंगराव. नुसती तयारी."

"म्हणजे लष्कर सोडायचं."

"मीही सोडतोच आहे की."

"तुम्ही तुमच्या कागदांबरोबर जाताय, मधूभाऊ. मी कुणाबरोबर जाऊ? जीपबरोबर?"

सही केली नाही. फाडलाही नाही. घडी घालून खिशात ठेवला.

क्लच

गुरुवार, सकाळचे नऊ. मानसिंगराव टोपी बाजारात गेले, पेटीतलं इंजिन बघायला.

इकडे कान्होजींना शेवटचं एकदा ऐकायचं होतं. एक कान इंजिनाशी हवा, एक पाय क्लचवर हवा, आणि माणूस एकच.

"वहिनीसाहेब, जरा वर बसता का? डावा पाय. दाबा म्हटलं की दाबायचं."

उषाताईने पदर खोचला आणि चढली. या सीटवर ती आजवर फक्त नारळ ठेवायला वाकली होती.

खड. खड. खडखड.

"दाबा."

शांत.

"सोडा."

खडखड. खड.

"दाबा!"

शांत. म्हणजे टाळासारखी टकटक होती, तिची जुनी. पण तो हातोडा गेला.

"क्लच दाबला की थांबतं," कान्होजी स्वतःशीच पुटपुटले. "क्रँक असती तर का थांबली असती?"

उषाताईचा पाय तिथेच राहिला. "भावजी, या क्लचच्या मागे काय असतं?"

"प्लेट. प्लेटमागे जड चाक. फ्लायव्हील."

"ते सहा बोल्टांवर बसतं?"

कान्होजी बॉनेटमधून बाहेर आले. "तुम्हाला काय माहीत?"

रिव्हर्स

बारा दिवस मागे. खंडेनवमी.

या घरात नवमीला शस्त्रं पुजतात. एकेकाळी तलवारी होत्या, एक भाला होता. आता ताटात एक जंबिया आणि बाकी सगळे मोटारीचे पाने. एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मानसिंगरावांच्या बापाने लावला नव्हता, मानसिंगरावही लावत नाहीत.

त्या दिवशी गेअरबॉक्स खाली उतरवलेला. मानसिंगराव गाडीखाली पाठीवर. मुहूर्त टळत होता.

"अहो, पाने द्या."

"देतो. थांब."

"गुरुजी थांबले आहेत."

"जड चाकाचे सहा बोल्ट, एक फेरा राहिलाय."

"दरवर्षी एक फेरा राहतो! द्या इकडे."

गाडीखालून हात आला. हातात मोठा गोटीपाना. तिने तो घेतला, पदराने पुसला, ताटात ठेवला, कुंकवाची पाच बोटं लावली.

दुसऱ्या दिवशी दसरा. पूजा उतरली, कान्होजी आले, आणि संध्याकाळी सीमोल्लंघनाला ट्रक निघायलाच हवा म्हणून क्लच, गेअरबॉक्स सगळं तासाभरात चढवलं. कान्होजींना वाटलं, मागचे फ्लायव्हीलचे बोल्ट जमादारसाहेबांनी कसलेच असणार. जमादारसाहेब सोडतील होय?

जमादारसाहेबांना वाटलं, कान्होजींनी कसले.

पुन्हा न्यूट्रल

साडेदहा. मानसिंगराव परत आले.

"लालाजी म्हणतात, बारा बजे तक रखूँगा, फिर जो ले जाए उसका. चला कान्होजी, हातगाडी घेऊ."

कान्होजींनी पेचकस पुसला आणि उषाताईकडे पाहिलं.

"काय झालं?"

उषाताईने सांगितलं. फेरा, मुहूर्त, पाना. लपवलं काही नाही. मीच घाई केली, हेही सांगितलं.

मानसिंगराव लाल झाले. "मी? बोल्ट ढिला? वीस वर्षं मोटारीत काढली मी! तोफा चालल्या असतील, माझा बोल्ट नाही हलला!"

"तुमचा हलला असं नाही म्हणत. मी हलवला म्हणते."

"गेअरबॉक्स उतरवायला संध्याकाळ होईल. बारानंतर ते इंजिन जाईल. आणि उघडून पाहिलं नि बोल्ट घट्ट निघाले, तर? शुक्रवारी काय चढवू, ट्रक की देव्हारा?"

कान्होजी खाली बघत म्हणाले, "साहेब, क्रँकचं मी म्हटलं होतं. आता माझा मला भरवसा नाही. तुम्ही सांगाल ते."

मग मानसिंगराव आत गेले.

आत फळीवर वही होती. फौजेत गाडीचं प्रत्येक काम लिहायचं आणि प्रत्येक बोल्ट कसला की समोर पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, तशी सवय लागलेली. फौज सुटली, पेन्सिल सुटली नाही. त्यांनी तेरा ऑक्टोबरचं पान उघडलं.

गेअरबॉक्स उतरवला. ✓
क्लच प्लेट काढली. ✓
फ्लायव्हील घासून आणले. ✓
बोल्ट १
बोल्ट २
बोल्ट ३
बोल्ट ४
बोल्ट ५
बोल्ट ६

त्यापुढे पान कोरं.

त्यांनी कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. ओट्यावर उषाताई, गल्लीत कान्होजी, आणि भिंतीवरचं घड्याळ अकराकडे निघालेलं.

बाहेर आले ते बाह्या दुमडतच.

"उषा."

"हं?"

"लालाजीला निरोप धाड. म्हणावं, ले जाए जिसको ले जाना है." मग कान्होजींकडे वळून, "जॅक लावा."

पहिला

पाठीवर झोपून काम करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं वर्णन करू नये. शिव्याच फार येतात.

चार वाजता गेअरबॉक्स खाली आला. कान्होजींनी आत बॅटरीचा झोत टाकला. आधी दिसले क्लचचे बोल्ट. प्रत्येकाच्या डोक्यावर ग्रीसमध्ये मुरलेला लाल डाग होता. दसऱ्याच्या दिवशी ताटातून उचललेल्या पान्याने कसलेले. पान्याचं कुंकू बोल्टांना लागलेलं.

क्लच काढला. मागचे फ्लायव्हीलचे सहा बोल्ट दिसले.

स्वच्छ. एकाही डोक्यावर लाल ठिपका नाही. पूजेनंतर पाना त्यांना शिवलाच नव्हता.

मानसिंगरावांनी पहिला बोल्ट बोटांनी धरला. पान्याने नाही, बोटांनी. तो फिरला.

"एक फेरा नाही हो," कान्होजी म्हणाले, "दीड."

गाडीखाली दोघं इतके हसले की उषाताई वाकून बघायला आली. दोन तेलकट तोंडं, दोघांच्या डोळ्यांना पाणी. क्रँक? क्रँक ठीक. बेरिंग? ठीक. भोकं जरा घासली होती, नवे सहा बोल्ट कान्होजींच्या पेटीत होते, बस्स.

"वहिनीसाहेब, तो पाना द्या."

"आधी पुसू का?"

"नको. तसाच द्या."

कट्ट. कट्ट. सहा वेळा. प्रत्येक वेळी उषाताईने वर उभं राहून वहीत खूण केली. सहावी खूण जरा मोठी झाली.

गेअरबॉक्स परत चढवताना कान्होजी अडले. तोंडावर बसवायचं पॅकिंग फाटलं होतं. "जाड कागद हवा. आहे का?"

मानसिंगरावांनी खिशातून घडी काढली. रियासतीवर काट, मध्य भारताचा शिक्का. *अर्जदार अनुभवी असून.*

कान्होजींनी कात्रीने गोल कापला, बोल्टांची भोकं पाडली. "कागद चांगला आहे. असा आता येत नाही."

चढ

शुक्रवार, सकाळी आठ. उरवाईच्या पायथ्याशी पाच ट्रक. परीक्षक साहेब नवे, इंदूरचे, गळ्यात मफलर. मागे दप्तरांची गाठोडी रचलेली, आणि त्यांच्यापाशी मधुसूदन, परीक्षा आपलीच असल्यासारखे घामाघूम.

"जमादार साहब, आपकी सवारी में ये कौन?"

केबिनमध्ये उषाताई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर वही.

"मिस्त्री," मानसिंगराव म्हणाले.

मफलर खाली घसरला.

पहिला गेअर. टक टक टक टक. शिवणाचं मशीन चालावं तसा, चौदा वर्षांचा, स्वतःचा आवाज. हातोडा नाही. डावीकडे कातळात कोरलेल्या उंच मूर्ती. मानसिंगराव त्यांच्याकडे बघत नव्हते. उषाताई बघत होती.

वळण. मागे गाठोडी सरकली, सावरली.

पुढचा ट्रक वळणावर धापा टाकत उभा राहिला, एका कडेला सरला. मानसिंगरावांचा पाय क्लचकडे गेला.

"नका," उषाताई म्हणाली. "गाडी क्लच मागतेय का?"

त्यांनी ऐकलं. गाडी मागत नव्हती. पाय परत आला.

उभ्या ट्रकाच्या अंगाला हातभर जागा सोडून ते निघून गेले.

शेवटचा चढ

आणखी थोडा

थोडा

आणि दरवाजा, आणि वर उघडं आभाळ, आणि खाली पसरलेलं सगळं लष्कर. बाडा, दाना ओली, टोपी बाजार, कुठल्या तरी छपराखाली पेटी बांधून बसलेले लालाजी.

मानसिंगरावांनी हॉर्न वाजवला. मग उषाताईने हात लांब करून वाजवला. मग परत त्यांनी. परीक्षक जीपने मागून वर आले, त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, वाकून ऐकलं आणि पाटीवर पहिलं नाव लिहिलं. मधुसूदन जीपमधून उडी मारून उतरले. पन्नाशीचा हेडक्लार्क उडी मारताना ग्वाल्हेरने त्याआधी पाहिला नव्हता.

"मानसिंगराव, तो अर्ज?"

"कामाला आला, मधूभाऊ. आतच आहे."

टॉप

रविवार, अठ्ठावीस ऑक्टोबर. दप्तरं लादून ट्रक पहाटेच निघाला. उषाताई केबिनमध्ये. शेजारी मधुसूदन, मांडीवर पितळी डबा, डब्यात चार दिवसांच्या दशम्या. मागच्या गाठोड्यांवर काट मारलेली नावं, शिक्के, आणि वर करकरीत नव्या राज्याच्या चिठ्ठ्या.

कान्होजी आले नव्हते. घरी कुलूप.

शहर संपतं तिथे, झाशी रोडवर, धुक्यात एक माणूस चालला होता. खांद्यावर पडशी, हातात काठी, पायात नव्या चपला. लंगडत.

"अहो, ते बघा!"

"बघितलं." मानसिंगरावांनी ट्रक हळू केला. "कान्होजी! चढा!"

"शब्द दिलाय, साहेब."

"किती चाललात?"

"दोन कोस."

"भोपाळ अडीचशे मैल आहे."

उषाताईने खिडकीतून तोंड काढलं. "चपला चावल्या ना? सांगितलं होतं. चढा आता, भावजी. शब्द फिटला, मी सांगते."

कान्होजी थांबले. काठीवर भार देऊन ट्रकाकडे बघत राहिले.

"चढतो. पण आधी एकदा माझ्या समोरून पुढे न्या. तिसऱ्यात. आतून रोज ऐकलं, बाहेरून नाही ऐकलं."

मानसिंगरावांनी ट्रक मागे घेतला, चांगला फर्लांगभर. मग पहिला, दुसरा, तिसरा. ट्रक दप्तरांसकट, हेडक्लार्कासकट, डब्यासकट कान्होजींच्या समोरून वाऱ्यासारखा गेला. कान्होजी डोळे मिटून, मान वाकडी करून, एक हात कानामागे धरून रस्त्याच्या कडेला उभे होते.

पुढे जाऊन ट्रक थांबला, वाट बघत. टक टक टक टक.

कान्होजींनी चपला काढून हातात घेतल्या आणि धावत सुटले.