डावा हात वर होता

पद्मजाने पिशवी चटईवर उपडी केली आणि भरतकामाच्या रेशमाच्या तीस-चाळीस लडी राधाच्या पुढ्यात पडल्या.

“आईच्या आहेत. एक जरी हरवली तर मला घरात घेणार नाही.”

“मग इथेच राहा,” राधा म्हणाली. “दहा बाय बाराची खोली आहे. तुझी सोय सहज होईल.”

इंटर सायन्सची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि जीवशास्त्राच्या उजळणीला तिघे दर रविवारी नायगावच्या बीडीडी चाळीत राधाकडे जमत. शिवाजी पार्कला पद्मजाच्या घरी बहिणीच्या लग्नाची धांदल चालली होती. दादरला हेरंबच्या घरी त्याचे वडील मध्येच येऊन प्रश्न विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. राधाकडे मात्र कुणी लुडबूड करत नसे. डिसेंबरात बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन घरातले देव काढले तेव्हा मोकळ्या झालेल्या फळीवर आता तिची पुस्तके होती, आणि आई सुंदराबाई येता-जाता पदराने त्यांवरची धूळ पुसत असे. अक्षरओळख नसलेल्या बाईने पुस्तकांचा एवढा मान ठेवावा, याचे हेरंबला फार नवल वाटे.

त्या दिवशी आनुवंशिकतेचा धडा होता. हेरंबने वहीत चौकोन आणि वर्तुळे काढली. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई.

“रंगांधळेपणा आईकडून मुलाला येतो. आईला स्वतःला काही होत नाही, ती नुसती पोचवते. परीक्षक हमखास वंशावळ काढायला लावतो. खरं घराणं घेऊन काढू, म्हणजे डोक्यात बसेल. राधा, तुझंच घेऊ. आई, वडील, तू, गणपतदादा. मामा किती?”

राधाने चटकन दाराकडे पाहिले. सुंदराबाई उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. तिची बोटे सुपातच थांबली.

“एक आहे,” राधा हळू म्हणाली. “पण तो धरू नकोस.”

“धरू नको कसा? मामाशिवाय ही वंशावळ—”

पद्मजाने त्याला कोपराने ढोसले. कोंडीराममामाचे नाव या घरात निघत नाही, हे तिला ठाऊक होते. अकरा वर्षांपूर्वी रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत तो ओंडके उचलणारी यारी चालवायचा. राधाचे वडील बाबुराव तिथेच ओंडके रचायचे. एक दिवस थांबायची खूण झाली असताना मामाने ओंडका खाली सोडला आणि खाली बाबुराव होते. मामा दारू प्यायला होता, असे चौकशीत ठरले. सुंदराबाईने त्या दिवसापासून सख्ख्या भावाचे तोंड पाहिले नव्हते.

हेरंब कानकोंडा झाला. विषय बदलायला त्याने लडी पुढे ओढल्या. लाल लड वेगळी ठेवायची आणि ढिगातून तिच्या जातीच्या, फिक्या-गडद, सगळ्या निवडायला सांगायच्या, अशी रंगांधळेपणा ओळखायची जुनी परीक्षा होती. तिघांनीही ती दिली आणि तिघेही पास झाले, त्यामुळे मजा आली नाही.

तेवढ्यात राधाचा थोरला भाऊ गणपत आला. गिरणीला सुटी म्हणून सकाळपासून तो समितीच्या प्रचाराच्या भिंती रंगवत होता. कोपरापर्यंत रंग, कपाळावर रंग, आणि चेहऱ्यावर संयुक्त महाराष्ट्र आपणच आणून परत आल्यासारखा आनंद.

“दादा, हात धू आणि इथे बस,” राधाने हुकूम सोडला. “आम्हाला एक माणूस कमी पडतोय.”

“सुई टोचणार नाही ना?”

“नाही रे. या लाल लडीसारख्या सगळ्या लडी काढून दे.”

गणपत मांडी घालून बसला. त्याने भराभर लडी उचलल्या आणि ऐटीत रांग लावली. दोन लाल, एक तपकिरी, मग गडद हिरवी, मग आणखी एक हिरवी.

पद्मजा खळखळून हसली. राधाही हसली.

“मस्करी नको ना, दादा. परीक्षा आलीय.”

“मस्करी कसली?” गणपतने रांगेकडे पुन्हा नीट पाहिले. “एकाच रंगाच्या आहेत की. ही जरा मळकी आहे, एवढंच.”

हेरंबने लडी पुन्हा मिसळल्या, हिरवी लड समोर ठेवली आणि परत निवडायला सांगितले. गणपतने या वेळी सावकाश, बोटांनी चाचपत निवडल्या. हिरव्यांत लाल आली.

“आणि भिंती कशा रंगवतोस?” राधाचा आवाज तिलाच परका वाटला.

“डब्यावरचं नाव वाचून. सगळे तसंच करतात ना?”

पाठ केलेला नियम राधाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि त्यातली अक्षरे आता तिच्या घरातली माणसे होती. मुलाला आईकडून. आईने नुसते पोचवलेले. आईच्या भावांनाही ते असू शकते. तिने हेरंबच्या वहीतले आईचे वर्तुळ पाहिले आणि पेन्सिल घेऊन त्याच्या शेजारी, जिथे तिनेच काढू दिला नव्हता तिथे, एक चौकोन काढला.

“शक्यता निम्मी आहे,” तिच्या मनातले ओळखून हेरंब कुजबुजला. “एवढ्यावरून सिद्ध होत नाही, राधा.”

“वखारीत खूण कशाची असायची, दादा?”

“निशाणांची. करवतीच्या आवाजात हाका कुठल्या ऐकू येणार? लाल दाखवलं की थांब, हिरवं दाखवलं की सोड.” गणपतचा चेहरा उतरला. “का?”

राधा तेव्हा सात वर्षांची होती. चौकशीहून परतलेल्या बाप्यांनी गॅलरीत मामाची केलेली टवाळी तिला आठवत होती. साहेब विचारतो निशाण कोणतं होतं, तर हा म्हणतो, डावा हात वर होता. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. डावा हात वर होता, साहेब, मुकादम बदली होता. दारूत माणूस असाच बरळतो, म्हणून सगळे थुंकले होते.

“तो निशाण बघतच नव्हता,” राधा म्हणाली. “त्याला रंग कळतच नव्हता. रोजचा मुकादम लाल उजव्या हातात आणि हिरवं डाव्या हातात धरत असणार. मामा हात बघून यारी चालवायचा. त्या दिवशी बदली माणसाने निशाणं उलट्या हातांत धरली. त्याने लाल वर केलं, पण वर गेला डावा हात.”

पद्मजाने तोंडावर हात ठेवला. गणपत स्वतःच्या रंगाने माखलेल्या हातांकडे पाहत राहिला. बापाला मारणारा म्हणून ज्याला त्याने अकरा वर्षे मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याचेच डोळे आपल्याला आले आहेत, हे त्याला हळूहळू उमगत होते.

सुंदराबाई सूप ठेवून आत आली होती. ती कधी उठली ते कुणालाच कळले नाही.

“काय म्हनलीस? पुन्यांदा सांग.”

राधाने सांगितले. शक्य तितक्या सोप्या शब्दांत, लडी हातात घेऊन. सुंदराबाई गणपतने लावलेली रांग बघत होती.

“म्हंजे हे माझ्याकडनं आलं ह्याला?”

“तुझा दोष नाही, आई. तुझ्या आईकडून तुला आलं असेल. मामालाही तसंच.”

“शक्यता आहे,” हेरंब अवघडून म्हणाला. “पण खात्रीने सांगता येत नाही, मावशी.”

“म्या सांगते खात्रीनं.”

ती भिंतीला टेकून खाली बसली. आवाज चढला नाही, की डोळ्यांत पाणीही आले नाही. त्यामुळेच राधाला जास्त भीती वाटली.

“त्या साली भाऊबिजेला म्या त्याच्याकडं हिरवा खण मागितला. ह्यानं तांबडाभडक आनला. म्या हसले, म्हनलं, कोंड्या, ह्यो हिरवा व्हय रं? तर म्हनतो, आक्का, हिरवाच हाय की. हट्टच धरला. आठ दिसांनी हे असं झालं. चौकशीच्या साहेबानं मला इचारलं, तुमचा भाऊ पितो का? म्या म्हनलं, भाऊबिजेपासनं शुद्धीत न्हवता. तांबडं-हिरवं त्याला कळत न्हवतं. साहेबानं तेच लिवलं. खाली अंगठा माझा हाय.”

राधाला आजवर वाटत होते की मामाला दारुडा कुणा परक्याने ठरवले. तिला आईजवळ जावेसे वाटले आणि जाववेना. आईचा राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. नवऱ्याचे प्रेत आणून आठवडा झाला नव्हता, तेव्हा ही बाई त्या साहेबापुढे उभी होती.

“प्यायल्याचं त्याने कधी कबूल तर केलं नव्हतं ना?” पद्मजाने हळूच विचारले.

“धा वरसं न्हाई केलं. म्या दार उघडलं न्हाई, तरी दर भाऊबिजेला खाली यिऊन हुबा ऱ्हायचा.” सुंदराबाई उठली. तिने पदर डोक्यावर घेतला. “औंदा वर आला. उंबऱ्यावर डोकं ठेवलं, म्हनला, आक्का, समदी म्हनत्यात तर प्यालोच आसंन मी. म्या दार लावून घेतलं.”

गणपतने सदरा चढवला.

“कुठे असतो तो?”

“त्याच वखारीमागं निजतो म्हनत्यात. चल.”

“आई, थांब जरा,” राधा दाराशी आडवी झाली. “इतक्या वर्षांनी एकदम समोर जाऊन त्याला सांगणार काय?”

सुंदराबाईने तिचा हात बाजूला केला.

“तू प्याला न्हवतास, आसं सांगनार. ते आता त्याला बी ठावं न्हाई.”