किल्ली माझ्याकडे

वेधशाळेच्या नियंत्रण खोलीत दाराशेजारी एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यात लाल दोरा बांधलेली किल्ली. किल्ली काढली की दुर्बिणीच्या मोटारींची वीज तुटायची. वर घुमटात दुर्बिणीपाशी कामाला जाणाऱ्याने ती काढून खिशात घालायची आणि मोठ्याने सांगायचं, "किल्ली माझ्याकडे." खोलीत बसलेल्याने म्हणायचं, "किल्ली तुमच्याकडे." एवढं झाल्याशिवाय जिना चढायचा नाही. मोठे साहेबसुद्धा हे सगळं निमूटपणे करत. करत नव्हते ते फक्त दोघं जण. एक दुर्बिणीची डागडुजी बघणारे मेस्त्री, आणि दुसरी खोलीत कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमपुढे बसणारी त्यांची मुलगी.

तिला सगळे चिंगी म्हणत. एवढी शिकलेली, समोर कॉम्प्युटरचे चार पडदे असलेली बाई, पण मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "चिंगे, डबा खाल्लास का?" असं विचारलं आणि झालं, कायमचं बारसं उरकलं. वायरलेसवर मात्र मेस्त्री तिला मुद्दाम "ऑपरेटरबाई" म्हणत. त्यात थट्टा थोडी आणि कौतुक फार. किल्लीचा विषय निघाला की म्हणत, "तू बसली आहेस ना तिथे? मग मला किल्ली कशाला?" चिंगी तोंडदेखलं रागवायची, पण आतून फुलायची. बापाने आपला जीव असा बिनदिक्कत हातात द्यावा, याहून मोठी शाबासकी ती कोणती!

त्या दुपारीही मेस्त्री तसेच वर गेले. कॅमेरा दुर्बिणीच्या बुडाशी टांगलेला असे. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही असा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश तो टिपायचा. त्यासाठी त्याला पोलादी पिंपात भयंकर थंड ठेवावं लागे, नाहीतर तो स्वतःच्याच उबेने आंधळा व्हायचा. थंडावा नेणाऱ्या नळीचा एक पट्टा सैल झाला होता, तो आवळायचा होता. दुर्बीण सरळ वर तोंड करून उभी होती. मेस्त्री आपलं लाकडी स्टूल घेऊन कॅमेरा आणि कठडा यांच्यातल्या बेचक्यात बसले.

"ऑपरेटरबाई, बसलो बरं का," वायरलेसवर आवाज आला.

"बसा. आणि पाठ वाकवू नका, रात्री आईला शेकत बसावं लागतं."

"ती शेकते कुठे, नुसती बोलते."

चिंगी हसली आणि आपल्या कामाला लागली. संध्याकाळी एक पाहुण्या संशोधक बाई यायच्या होत्या. त्यांच्यासाठी फोटोंची एक मालिका लिहून ठेवायची होती. आधी दुर्बीण ताऱ्याकडे वळणार, मग प्रकाश गाळणाऱ्या काचांची चकती फिरणार, मग फोटो. प्रत्येक फोटोनंतर दुर्बीण किंचित सरकणार, कारण या प्रकाशात आकाशच चमकत असतं आणि ती चमक वजा करायला शेजारचा तुकडाही टिपावा लागतो. मालिका खरी चालवण्याआधी ती सरावात चालवून बघायची पद्धत होती. पडद्यावर "सराव" या शब्दापुढे खूण केली की प्रोग्रॅम सगळं करून दाखवायचा, खोटे आकडे, खोटे फोटो, आणि प्रत्यक्षात कशालाही हात लावायचा नाही.

खूण तिने सकाळीच केली होती, याबद्दल ती शपथ घेऊन सांगू शकली असती. जेवणाआधी पडदा गोठला म्हणून तिने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, तेही तिला आठवत होतं. तो असा अधूनमधून रुसायचाच. पण नव्याने चालू झालेला प्रोग्रॅम जुनी खूण विसरतो, हे माहीत असूनही त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं नाही. रोजच्या वाटेवरचा खड्डा रोजच्या माणसालाच दिसत नाही, तसं झालं.

तिने मालिका सुरू केली आणि टेकून बसली. दुर्बिणीचे आकडे पळायला लागले. सरावातही ते पळतातच. चकती फिरल्याची ओळ आली. सगळं कसं झकास चाललं होतं. तिची नजर सहज वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे कॅमेऱ्याचं तापमान असायचं.

शेवटचा आकडा हलत होता.

दोन, तीन, परत दोन, मग चार. अगदी थोडा, नाडीसारखा. चिंगी त्याच्याकडे बघत राहिली. सरावात हा आकडा दगडासारखा बसलेला असतो, कारण खोट्या कॅमेऱ्याला ताप चढत नाही आणि उतरतही नाही. हलतो तो फक्त खराखुरा कॅमेरा. म्हणजे कॅमेरा खरा होता. म्हणजे पळणारे आकडेही खरे होते, आणि वर...

तिने "थांबा" दाबलं. प्रोग्रॅमने शहाण्यासारखं उत्तर दिलं की, दुर्बीण जागेवर पोचल्यावर थांबतो. घुमटाचं चित्र दाखवणाऱ्या लहान पडद्यावर दुर्बिणीचं तोंड हळूहळू चौकटीबाहेर चाललं होतं. तोंड एकीकडे झुकलं की बूड दुसरीकडे उचललं जातं, कठड्याच्या दिशेने, स्टुलाच्या दिशेने.

"बाबा! उठा! बाबा, बाजूला व्हा!"

वायरलेसमधून कडकड असा आवाज आला आणि एकदम काहीच नाही.

भिंतीवरचं लाल बटण दारापाशी होतं. ती धावली. बटणावर स्वेटर टांगलेला होता. कुणाचा? तिचाच. खोलीत गार वाजतं म्हणून आणलेला, आणि रोज तीच तो तिथे अडकवायची. तिने तो ओढला, बाही अडकली, पुन्हा ओढला, शिवण उसवली, आणि मग तळहाताने बटण आत दाबलं. खोलीतला गुणगुणाट बंद पडला. शेजारच्या पेटीत लाल दोऱ्याची किल्ली जागच्या जागी होती.

"बाबा? ऐकू येतंय का? बाबा, बोला ना."

वायरलेस मुका होता.

जिना ती कशी चढली ते तिला कधीच सांगता आलं नाही. दारापाशी मात्र ती थांबली. आत जायचं नव्हतं. आत जाऊन जे दिसेल ते दिसलं की मग ते कायमचं होणार होतं. आत जात नाही तोवर बाबा होते. तिने दाराची मूठ धरली आणि लहानपणी अंधारात करायची तसे डोळे मिटून दार ढकललं.

डोळे उघडले तेव्हा दुर्बीण तिरकी उभी होती. कॅमेऱ्याचं पिंप कठड्याला टेकलं होतं, आणि मधे स्टूल होतं. स्टूल कसलं, चिपाडं. एक पाय सुटून लांब पडला होता. तिथेच वायरलेसचा चुरा झाला होता. बाबांची टोपी त्या बेचक्यात अडकली होती, अर्धी चेपलेली. बाबा कुठेच दिसत नव्हते. पिंपाच्या पलीकडे वाकून बघायचं तेवढं राहिलं होतं. ते तिच्याने होईना. तिने कठडा धरला.

"काय गं? दुर्बीण कुणी वाकडी केली?"

आवाज मागून आला. मेस्त्री जिन्यात उभे होते, हातात पाना. लहान पाना खाली कपाटात राहिला म्हणून टोपी आणि वायरलेस स्टुलावर ठेवून ते घुमटाच्या मागच्या जिन्याने खाली गेले होते. येताना समोरच्या जिन्याने आले. एवढंच. एक पाना विसरला होता.

चिंगीने त्यांच्याकडे बघितलं आणि ती तिथेच खाली बसली. मेस्त्रींची नजर तिच्यावरून स्टुलाकडे गेली, स्टुलावरून टोपीकडे. त्यांना सगळं समजायला वेळ लागला नाही. ते हळूच तिच्याशेजारी जमिनीवर बसले. पाना त्यांनी बाजूला ठेवला.

"मी मारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"गप."

"सराव आहे असं वाटलं मला."

"गप म्हटलं ना." मग अगदी हळू, "आईला सांगू नकोस हं."

आईला सांगितलं नाही, पण साहेबांना चिंगीने स्वतःच सगळं सांगितलं. मेस्त्री मधे मधे "किल्ली मी घेतली नव्हती, चूक माझी" असं घुसवत राहिले. साहेबांनी दोघांचीही बिनपाण्याने केली. कॅमेऱ्याला ओरखडाही आला नव्हता. रात्री जेवताना आईने नव्या टोपीचं निमित्त विचारलं, तर मेस्त्री म्हणाले, जुनी उसवली होती.

दुसऱ्या दिवशी नळीचं काम पुरं करायचं होतं. चिंगीने प्रोग्रॅम बंदच ठेवला होता आणि दोन्ही हात मांडीवर. मेस्त्री खोलीत आले. रात्रभर तिच्या मनात एकच होतं. बाबांनी आज किल्ली घ्यावी. घेतली नाही, तर आपण हातापाया पडून द्यायची.

सांगावं लागलं नाही. ते सरळ पेटीपाशी गेले, किल्ली काढली आणि शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहून म्हणाले, "किल्ली माझ्याकडे."

हवं होतं तेच झालं होतं, आणि तिला रडू कोसळलं. कसंबसं तिने उत्तर दिलं, "किल्ली तुमच्याकडे."

मेस्त्रींनी मान डोलावली. त्यांना तिच्याकडे बघून हसायचं होतं, ते तिला दिसलं, पण जमलं नाही. ते वळले आणि जिना चढू लागले. उघड्या दारातून ती बघत होती. अर्ध्या वाटेवर ते थांबले, हात खिशाकडे गेला आणि किल्ली आहे ना, हे त्यांनी वरूनच चाचपून पाहिलं.