साडेचार हजार फुटांवर

दुपारची पाळी शांत चालली होती. उतरायला येणारं एक विमान धावपट्टीच्या डोक्यावरून वळसा घेत होतं, आणि रडारच्या पडद्यासमोर बसलेली कंट्रोलर त्याला पुढची सूचना द्यायच्या बेतात होती. तेवढ्यात हेडफोनमध्ये कॅप्टनचा आवाज आला, तोही चिरका. "टक्कर इशारा! आम्ही वर चढतोय!"

तिने पडद्यावर नजर टाकली. त्या विमानाच्या आसपास चिटपाखरू नव्हतं.

"तुमच्याजवळ कोणीही नाही," ती म्हणाली.

"माझं यंत्र म्हणतंय, आहे," कॅप्टन म्हणाला, आणि विमान चढतच राहिलं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. प्रवासी विमानांत बसवलेलं हे यंत्र आजूबाजूच्या विमानांना सतत हाका घालत असतं. समोरून उत्तर आलं की ते दुसरं विमान किती लांब आहे, किती उंचीवर आहे हे त्याला कळतं, आणि टक्कर होईलसं वाटलं की ते मोठ्याने बजावतं: चढा, नाहीतर उतरा. अशा वेळी कंट्रोलर काहीही सांगो, वैमानिकाने यंत्राचंच ऐकायचं असतं. कॅप्टनने ऐकलं. त्या हिसक्याने मागे कप गोळा करत असलेली हवाई सुंदरी आपटली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

चौकशी लागली. कंट्रोलरला पडद्यासमोरून उठवून मागच्या खोलीत नकाशे लावायला बसवलं. "तात्पुरतं आहे," साहेब म्हणाले, पण बोलताना ते तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होते. दुसरं विमान हिच्या नजरेतून निसटलं आणि आता ही कानांवर हात ठेवतेय, अशी कुजबुज तिच्यापर्यंत पोचली. कुजबुज कोणी सुरू केली याबद्दल तिला शंका नव्हती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे पोपट म्हणत, त्याचा डोळा तिच्या बढतीवर होता. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. कॅप्टनवरही तिचा राग होता. त्याने स्वतःचं काहीतरी झाकायला इशाऱ्याचं सोंग आणलं असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग पुढच्याच आठवड्यात पोपटच्या पाळीत तेच घडलं. वेगळं विमान, वेगळा वैमानिक, जागा तीच. याही वेळी पडदा कोराच होता. सुदैवाने कोणाला लागलं नाही. पोपट खालमानेने मागच्या खोलीत आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. तिला आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

त्या संध्याकाळी घरी जेवताना तिने एवढंच सांगितलं, की आज पुन्हा तसा इशारा आला. दीर समोरच बसला होता. तो विमानतळावरच्या हँगरमध्ये तंत्रज्ञ होता, विमानांची यंत्रं तपासायचा. पानातून मान वर न करता तो म्हणाला, "याही वेळी साडेचार हजार फुटांवरच ना, वहिनी?"

"हो," ती म्हणाली आणि तिचा घास हातातच राहिला. उंचीचा आकडा तिने सांगितला नव्हता. चौकशी गुप्त होती. पहिल्या वेळचा आकडासुद्धा तिने घरात उच्चारला नव्हता.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग तिला सगळंच खटकू लागलं. दीर हल्ली फोन आला की गॅलरीत जायचा आणि दार ओढून घ्यायचा. तिच्या कामाची कधी विचारपूस न करणारा माणूस, चौकशी कुठवर आली हे दोनदोनदा विचारायचा. तिने नवऱ्याच्या कानावर घातलं.

"डोकं फिरलंय तुझं," नवरा म्हणाला. "स्वतःवरचं बालंट टळावं म्हणून माझ्या भावावर आळ घेतेस?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती चालत हँगरवर गेली. मोठं दार सताड उघडं होतं. आत एक विमान उभं होतं, त्याच्या नाकाजवळ नळ्या जोडलेल्या होत्या आणि नळ्यांचं दुसरं टोक चाकांवरच्या एका पेटीत गेलं होतं. पेटीच्या काट्याकडे तिने वाकून पाहिलं. काटा साडेचार हजारावर होता. जमिनीवर उभ्या विमानाला ती पेटी भासवत होती, की तू आभाळात आहेस.

विमानाच्या पोटाखाली अँटेना उघडी होती. अशी चाचणी करताना तिच्यावर टोपी चढवतात, म्हणजे यंत्राचं उत्तर बाहेर जात नाही, एवढं तिलाही ठाऊक होतं. वरून जाणारं विमान हाक घालणार आणि हे जमिनीवरून उत्तर देणार: मी इथेच आहे, तुझ्याच उंचीवर. रडारपुढे मात्र हँगरची भिंत आडवी येत होती, म्हणून तिचा पडदा कोरा.

ती शिडी चढून कॉकपिटमध्ये गेली. दीर एकटाच होता.

"बंद करा ते, भावजी. आत्ता."

कळीकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "उत्तर देणारं यंत्र आज अजून चालू केलंच नव्हतं, वहिनी. शपथ."

"टोप्या कुठे आहेत?"

"फाटल्या. नव्या मागितल्या, तर हँगरचे प्रमुख म्हणाले, असंच उरका, वर कोणाला पत्ता लागतोय."

"आणि तुम्हाला पत्ता कधी लागला?"



"पहिल्या वेळी नुसता संशय आला," तो म्हणाला. "म्हणून दुसऱ्यांदा लावून पाहिलं. खात्री करायला."

"खात्री करायला?" तिचा आवाज फुटला. "माणसं बसली होती त्यात! आणि मी तिकडे तोंड लपवून बसले होते, ते दिसत होतं ना तुम्हाला रोज?"

"सांगणारच होतो. नोकरी जाईल म्हणून जीभ रेटेना."

"आत्ता चला साहेबांकडे. तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

तो उठला. तिच्या मागोमाग शिडी उतरला.

दिराचा परवाना काढून घेतला. प्रमुखाने आधी हात झटकले, पण टोप्यांची मागणी इतर दोघा तंत्रज्ञांच्याही कानांवर होती. त्यालाही घरी बसवलं. कंट्रोलरला तिची खुर्ची परत मिळाली. पोपटची तिने माफी मागितली, तेव्हा कळलं की कुजबुज त्याने नव्हे, साहेबांनीच सुरू केली होती.

घरी मात्र नवरा बरेच दिवस धुमसत होता. एकदा चहा घेताना त्याने विचारलं, "नुसत्या एका आकड्यावरून ओळखलंस?"

"हो."

"आणि आम्ही बाकी काय काय बोलतो, तेही असंच ध्यानात ठेवतेस?"

"भावजी कबूल झाले. आता तू माझ्यावर नजर ठेवणार का?" ती म्हणाली.

नवरा कप घेऊन गॅलरीत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. मुद्दामच ओढलं की काय, असं तिला वाटलं, आणि ती बंद दाराकडे बघत राहिली.