आवरायला आलेली बाई

त्याने टाइपरायटरच्या रिबिनींचा डबा स्वतःच्या हाताने पोत्यात टाकला, आणि ती काठी टेकत दारातच थबकली. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या हातून एक स्क्रू सुटलेला तिने पाहिला नव्हता.

"आणखी काय?" त्याने विचारलं. बायकोला नव्हे, समोर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या बाईला.

लोकांची घरं आवरून द्यायची, हा त्या बाईचा धंदा. मुलीने परस्पर ठरवून तिला पाठवलं होतं. दोन आठवड्यांनी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मग घरात वॉकर घेऊन चालायचं, आणि खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या बोळातून तर मांजरसुद्धा अंग चोरून जायचं. त्याचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान बंद झालं, तेव्हा अख्खं दुकान उठून घरात आलं होतं. सांगाडे, रबरी रूळ, स्प्रिंगा, अक्षरांचे खिळे भरलेल्या बरण्या. ते निघावं म्हणून तिने काय काय केलं नव्हतं! भांडून झालं, अबोला धरून झाला. एकदा तर दुपारी एक पोतं भरून तिने खाली नेऊन ठेवलं. संध्याकाळी तो तेच पोतं खांद्यावर टाकून वर आला आणि पुढे चार दिवस 'वाढ' आणि 'पुरे' याखेरीज काही बोलला नाही.

आणि या बाईने तीन दिवसांत अर्धा बोळ मोकळा केला होता.

बाई देखणी असती, तर एक वेळ समजलं असतं. पण चांगली जाडजूड, नाकावर धुळीचा मास्क, पायात बहुधा मुलाचे मोजे. ती फक्त एक करायची. वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट करून बघायची आणि विचारायची, "काका, ही कुठली?"

की काका सुरू. कोर्टासमोर बसून अर्ज टाइप करून देणारा एक म्हातारा होता. त्याच्या यंत्रातला 'न' पार झिजून गेला होता, त्यामुळे त्याच्या अर्जात कुणाला 'नाही' म्हणताच यायचं नाही. बाई इतकी हसली की मास्क हनुवटीवर आला. तोही हसला. मग तो झिजका 'न' त्याने एकदा अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "जाऊ दे आता." गेला पोत्यात.

म्हाताऱ्याची ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन तिने पातेलं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं.

जेवताना ती म्हणाली, "आज बराच वेळ हसणं चाललं होतं."

"कुणाचं?"

"भिंतींचं."

तो भाताची शितं गोळा करत राहिला. "चांगली आहे गं बाई. ऐकून घेते."

"धंदाच आहे तिचा तो."

"असेल," तो म्हणाला, आणि उठून उद्यासाठी शर्टाला इस्त्री करायला बसला. ज्या माणसाने मुलीच्या लग्नात चुरगळलेला सदरा घातला होता, तो!

सकाळी बेल वाजली तेव्हा तो अंघोळीला गेलेला होता. तिने दार उघडलं, पण अर्धंच.

"आज नको," ती म्हणाली. "काकांना बरं नाहीये."

आतून पाण्याचा आवाज येत होता आणि त्यावर काकांचं गाणं, अगदी खणखणीत. बाईने ते ऐकलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"बरं. उद्या येऊ?"

"कळवते मी."

तो भांग पाडून बाहेर आला, स्टुलावर बसला. घड्याळाकडे दोनदा पाहिलं.

"आली नाही अजून."

"फोन आला होता. जमणार नाही म्हणाली."

खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं की तिची तिलाच गंमत वाटली. पण त्याचे खांदे उतरले, आणि ते तिला झोंबलं. तिने खुर्ची सरकवली, दुखरा पाय लांब करून खोक्याजवळ बसली आणि हाताला आली ती वस्तू उचलली. ओळ संपत आली की वाजणारी पितळी घंटी होती ती, सुपारीएवढी.

"ही कुठली?"

त्या बाईसारखं विचारायचं तिच्या मनात होतं. निघालं ते पोलीस चौकशीसारखं.

"तुला सांगितलंय मी," तो म्हणाला.

"कधी?"

"दुकान होतं तेव्हा. रोज घरी आलो की सांगायचो. तू लॅबमधून दमून यायचीस. नळाखाली हात धुता धुता 'हं, हं' करायचीस. मग एक दिवस म्हटलं, कशाला."

तिला नळ आठवला. साबण आठवला, दिवसभर रक्ताच्या बाटल्या हाताळून बोटांना येणारा तो वास आठवला. त्याचा आवाज मात्र काही केल्या आठवेना.

"ती आज आली असती तर..." तिने उगाच सुरुवात केली.

"बाथरूमच्या खिडकीतून जाताना दिसली मला," तो खोक्यात बघत म्हणाला. "हात केला तिने."

तिचे कान तापले. तो मात्र काहीच झालं नाही अशा थाटात एक स्प्रिंग सोडवत बसला होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ऐकायचंय?"

"हं," ती म्हणाली आणि लगेच सावरून घेतलं, "म्हणजे, हो. सांगा ना."

गोष्ट लांबलचक होती. एक कारकून, त्याची बदली, मध्येच त्याचा मेहुणा, मग भलतंच एक कुलूप. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हाताऱ्याची गोष्ट हिच्यापेक्षा कितीतरी चांगली होती, आणि ती त्या बाईच्या वाट्याला गेली होती. हे तिच्या मनातून जाईना. तरी तिने शेवटपर्यंत ऐकलं. मेहुण्याचं पुढे काय झालं, तेही विचारलं.

गोष्ट संपली. ती 'जाऊ दे आता'ची वाट बघत राहिली. त्याने तिच्या तळहातावरची घंटी उचलली, पोत्याकडे पाहिलं आणि घंटी परत तिच्याच हातावर ठेवली.

"तू ठरव," तो म्हणाला.

दुकान घरात आल्यापासून ती या दोन शब्दांसाठी भांडली होती. तिने मूठ मिटली.

"दुसरं काढा," ती म्हणाली.