मच्छरदाणीच्या आतला माणूस

मी मच्छरदाणी बोलतेय; घरातली नाही, घाटकोपरच्या एका इस्पितळातली. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या तान्ह्या बाळावर टांगतील. वाट्याला आली भाजलेल्यांच्या वॉर्डातली खाट.

उघड्या जखमेवर माशी बसू द्यायची नाही, एवढंच माझं काम. बाकी सगळं उत्तरा सिस्टरांचं.

माझ्याखाली निलेश परब आला. गोरेगावच्या एका स्टुडिओत तो दिव्यांचं काम करायचा. सेटवर आग लागली, त्याचा जिवलग दोस्त प्रितम आत अडकला. त्याला ओढून काढताना निलेशचे दोन्ही हात भाजले.

पहिल्या भेटीत प्रितम ढसाढसा रडला. "निल्या, तू नको म्हणत होतास, तरी उघडी वायर मीच जोडली रे. मी सांगेन सगळ्यांना."

"आधी जेवलास का ते सांग," निलेश म्हणाला.

उत्तरा सिस्टर पट्टी कधी ओढायच्या नाहीत. भिजवायच्या, सुटेपर्यंत थांबायच्या. "आता उजवा हात घेते हं. दुखलं तर खुशाल शिवी द्या." निलेश शिवी द्यायचा आणि लगेच माफी मागायचा. जखमा भरत आल्यावर त्या त्याला मूठ मिटायला लावायच्या. नवी कातडी ताणली की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. "आज कंटाळलात तर बोटं आखडतील," त्या बजावायच्या.

एका सकाळी स्टुडिओचे साहेब चौकशीला आले. "वायर तुम्हीच जोडली होती ना? प्रितम तसंच म्हणाला."

निलेश हसलाच. "कोण? आमचा प्रितम?"

साहेब गेल्यावर त्याने दिवसभर बोट हलवलं नाही. "त्याचा राग हातांवर काढू नका," सिस्टर म्हणाल्या. त्याने मान फिरवली.

दोन दिवसांनी प्रितम आला. माझी कड वर करून कुजबुजला, "माझी नोकरी गेली असती रे. आणि हे असे हात घेऊन तू थोडाच परत शिडीवर चढणार आहेस, यार?"

शेजारच्या खाटेवरून सिस्टर वळल्या. "तुम्ही पहिल्या दिवशी काय कबूल केलंत, ते मी ऐकलंय. मी तेच सांगणार."

प्रितमचा चेहरा उतरला. निलेश त्याच्याकडे वळला.

"सिस्टर सांगतील. पण मला ते तुझ्या तोंडून हवं होतं," तो म्हणाला. मग त्या ताठरलेल्या बोटांनी माझी कड चिमटीत धरली, खाली ओढली आणि गादीखाली खोचली. बराच वेळ लागला. सिस्टरांनी मदत केली नाही.

सिस्टरांच्या सांगण्यावरून निलेशवरचा ठपका गेला. प्रितम पुन्हा फिरकला नाही. निलेशला दहिसरला न्यायला त्याचा सख्खा भाऊ आला, तरी निघताना त्याने दाराकडे दोनदा पाहिलं. ते मला अजून सलतं.

आता धुऊन धुऊन मी विरलेय, लवकरच मला काढून टाकतील. जाण्याआधी एक मागते. अशा माणसाला भेटायला याल तेव्हा झेपेल तेवढाच शब्द द्या. तो अंथरुणावर पडून तुमच्या शब्दाची वाट बघत असतो.